आयनारच्या स्कीचे तळ

“नाना, शीट कुठं गेली?”

“भायेर टाकलीया. बर्फात.”

“बर्फात? अहो, आत्ताच तर मापून कापली!”

“म्हून तर टाकली. गारठू दे जरा. मग बोलू आपण.”

हँगरमध्ये हीटर घरघरत होता आणि बाहेर उणे सत्तावीस होतं. समोर दोन लाकडी घोड्यांवर आयनारच्या विमानाची स्की उताणी घातलेली होती. बर्फावर उतरणाऱ्या विमानांना चाकांऐवजी हे असे लांबट, पुढून वर वळलेले पाय असतात. ही पाच फुटांची होती आणि तिचा पत्र्याचा तळ चाळीस हिवाळे घासून घासून खरबरीत झाला होता. असा पत्रा बर्फाला चिकटतो. रात्रभर विमान उभं राहिलं, की सकाळी ते जागचं हलत नाही. शेपटी धरून हिसके द्यावे लागतात, कुणीकुणी तर कुऱ्हाड घेऊन खालचा बर्फ फोडतात. म्हणून आम्ही त्या तळावर पांढरं, मेणासारखं गुळगुळीत प्लास्टिक बसवत होतो. प्लास्टिक बर्फाला चिकटत नाही.

अर्ध्या तासानं नानांनी ती शीट आत आणली आणि घाईघाईनं स्कीवर ठेवली. एक टोक जुळवलं, दुसऱ्या टोकाला बोट लावलं आणि माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले. शीट करंगळीच्या नखाएवढी आखूड झाली होती.

“बगितलंस? तू हितं उबंला भोकं पाडून स्क्रू आवळले असतेस, तर भायेर गेल्यावर ही आक्रसली असती. एकतर स्क्रू तुटले असते, न्हाईतर शीट फाटली असती. भोकं लांबट पाड. तिला हालाया जागा ठिव.”

“तुम्हाला कुणी सांगितलं हे?”

“कुनी सांगाया कशाला पायजे? काल आपली पाने ठिवायची प्लास्टिकची पेटी भायेर ऱ्हायली, तिचं झाकान बसंना.”

ही १९८५ सालची गोष्ट. कॅनडात मॅनिटोबा प्रांतातल्या एका सरोवराकाठी गॉर्डन नावाच्या माणसाची लहान विमानं दुरुस्त करायची शेड होती, तिथं आम्ही दोघं कामाला होतो. नाना ढमढेरे शिरूरकडचे, वय त्रेपन्न. मी, जयवंत कोरान्ने, एकोणतीस वर्षांचा. त्याआधी भारतात एका फ्लाइंग क्लबमध्ये चार वर्षं मी नानांच्या हाताखाली होतो. पक्कड कशी धरायची इथपासून ते इंजिनच्या आवाजावरून कुठलं सिलिंडर रुसलंय हे ओळखण्यापर्यंत सगळं त्यांनी मला शिकवलं. फरक एवढाच, की मला इंग्रजी फाडफाड बोलता यायचं. म्हणून मी पुढं गेलो, कॅनडात परीक्षा दिली आणि माझं लायसन्स झालं. मग गॉर्डनच्या कानीकपाळी ओरडून मी नानांना बोलावून घेतलं. विमानाच्या दुरुस्तीच्या वहीवर सही माझी चाले, आणि माझा गुरू माझा मदतनीस होता. आम्ही दोघं यावर हसायचो. मी जरा जास्तच हसायचो.

नानांचा इथला परवाना गॉर्डनच्या नोकरीला बांधलेला होता. एक वर्ष काम झालं की गॉर्डन अनुभवाच्या कागदावर सही करणार, मग नाना परीक्षेला बसणार, आणि पास झाले की काकूंना आणि धाकट्या मुलीला, शैलाला, इकडे आणता येणार होतं. दहा महिने झाले होते. दोनच उरले होते. नाना रोज संध्याकाळी आमच्या खोलीत परीक्षेचं पुस्तक घेऊन बसत, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत. वाचलेलं त्यांना कळे, ऐकलेलंही बरंचसं कळे. पण बोलायची वेळ आली की घसा बसे आणि ते माझ्याकडे बघत. मग मी बोलायचो. गावात सगळे मला गमतीनं ‘नानाचं तोंड’ म्हणायचे.

दोन्ही स्कींचे तळ बसवायला चार दिवस लागले. शीटचं पुढचं टोक गरम हवेनं मऊ करून वर वळवलं, त्याच्या कडेवर पत्र्याची पट्टी मारली, लांबट भोकांत एकेक स्क्रू बसवला. एकाही स्क्रूचं डोकं तळाच्या वर येता कामा नये, म्हणून नाना शेवटी डोळे मिटून पूर्ण तळावर तळहात फिरवत बसले. जो स्क्रू हाताला लागला तो मला परत काढायला लावला. मी कुरकुरलो. त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी एक स्की आम्ही अंगणात बर्फावर ठेवली. नानांनी वाकून तिला एका बोटानं ढकललं. स्की सुळकन निघाली ती थेट कुंपणाला जाऊन धडकली. मी टाळ्या पिटल्या. नाना मात्र उभे राहून त्या कुंपणाकडे बघत राहिले.

“जयवंता, म्हातारा इमान चालू कसं करतो?”

“हातानं. स्टार्टर कुठाय त्याला? पुढं उभा राहतो, प्रॉपेलरला हिसका देतो.”

“येकटाच?”

“एकटाच. बायको वारली ना त्याची.”

“मंग इंजान चालू झाल्यावर इमान पुढं का जात न्हाई?”

“कारण स्की चिकटलेल्या असतात...” असं म्हणता म्हणता माझी ट्यूब पेटली.

“आता चिकटायच्या न्हाईत,” नाना म्हणाले. “इंजान लागलं की ते निघालंच. त्याला आपून सांगाया पायजे. शेपटी बांधल्याबिगर प्रॉपेलरला हात लावू नको म्हनावं. सांगशील न्हवं?”

“सांगतो की.”

“इसरू नको. चाळीस वर्साची सवय हाय त्याची.”

“नाना, सांगतो म्हटलं ना!”

दुसऱ्या दिवशी आयनार विमान न्यायला आला. एकाहत्तर वर्षांचा, दारात मावणार नाही एवढा आडवा माणूस. सरोवराच्या पलीकडे बारा मैलांवर एकटा राही आणि हिवाळ्यात बर्फाखाली जाळी टाकून मासे धरी. ते पिवळं, कापडी पंखांचं, दोन माणसांचं विमान त्याचा बैलही होतं आणि गाडीही. त्यानं गुडघ्यावर बसून नव्या तळावर हातमोजा काढून हात फिरवला आणि “वा!” म्हणाला. मला बरं वाटलं. काम नानांचं होतं, पण बरं मला वाटलं.

मी तोंड उघडलं. “आयनार, एक गोष्ट लक्षात ठेव. आता बर्फावर...”

“बर्फावर?” आयनार गॉर्डनकडे वळला. “गॉर्डन, हा मला बर्फाचं सांगतोय! अरे, पहिल्या हिवाळ्यात हाच ना नाकाला मफलर बांधून, टोपीवर टोपी घालून आला होता? मला वाटलं कुणी बँक लुटायला आलंय!”

गॉर्डन खो खो हसला. शेडमध्ये आणखी दोघं होते, तेही हसले. मीही हसलो, कान मात्र तापले होते. म्हटलं, जाऊ दे, नंतर सांगू. निघताना सांगू. मग मी वहीत नोंद करायला ऑफिसात गेलो. तिथं गॉर्डननं कॉफी दिली आणि या कामाचं कौतुक केलं. आणखी चार जणांच्या स्की अशा करून देऊ म्हणाला. मी परत बाहेर आलो तेव्हा आयनार विमानात बसलेला होता, नानांनी शेपटी धरली होती. मी प्रॉपेलरला हिसका दिला, इंजिन लागलं, नानांनी शेपटी सोडली आणि ते पिवळं विमान लोण्यावरून निघाल्यासारखं निघून गेलं.

“सांगितलंस न्हवं?” नानांनी विचारलं.

“हो.”

हे खोटं मी विनाकारण बोललो. म्हणजे त्या वेळी ते खोटं आहे असंही मला वाटलं नाही. ‘बर्फावर’ एवढं तरी मी बोललोच होतो ना!

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हायचं ते झालं. आयनारनं आपल्या दारात एकट्यानं प्रॉपेलरला हिसका दिला. इंजिन लागलं आणि विमान त्याच्या अंगावर निघालं. तो बाजूला झाला, पण सवयीनं पंखाचा दांडा धरायला गेला. विमानानं त्याला फरफटत नेलं, स्की मांडीवरून गेली आणि पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. रिकामं विमान तसंच सरोवरावरून पाऊण मैल धावत गेलं आणि काठच्या झाडांत घुसलं. शेजारच्या कोळ्यानं आवाज ऐकला म्हणून म्हातारा वाचला, नाहीतर तासाभरात गोठून मेला असता.

गॉर्डननं मला ऑफिसात बोलावलं. त्याच्यासमोर वही उघडी होती.

“वहीत इशारा नाही. आयनारला कुणी सांगितलं होतं का, की आता विमान बांधल्याशिवाय चालू करायचं नाही?”

मी वहीतल्या माझ्या सहीकडे बघितलं.

“जयवंत, सही तुझी आहे. सरकारी माणूस पुढच्या आठवड्यात येतोय. त्याला मी काय सांगू?”

लायसन्स होऊन दीड वर्ष झालं होतं. ते जाणार, हे मला समोर लख्ख दिसलं. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं ते इतकं सहज निघालं, की जणू आधीपासून पाठ करून ठेवलं होतं.

“मी नानाला सांगायला सांगितलं होतं. मी इकडे वही लिहीत होतो. तो बाहेर आयनारबरोबर होता.”

गॉर्डननं दार उघडून नानांना हाक मारली. नाना हात पुसत आले, टोपी काढून उभे राहिले.

“त्याला विचार,” गॉर्डन मला म्हणाला. “आयनारला सांगायचं काम त्याच्याकडे होतं का? आणि त्यानं सांगितलं का?”

मी नानांकडे वळलो. त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही, मिशीकडे बघितलं. म्हणालो, “नाना, मालक विचारतोय, शेवटचे स्क्रू तुम्हीच तपासले ना?”

“व्हय. मीच तपासले. सगळे.” नानांनी छातीवर बोट ठेवलं. “येक बी ढिला नव्हता म्हनावं.”

मी गॉर्डनकडे वळलो. “तो म्हणतो, हो, काम त्याच्याकडेच होतं. पण तो विसरला.”

गॉर्डननं नानांच्या छातीवरचं बोट बघितलं होतं. त्याला पुरावा मिळाला. त्यानं डोकं हलवलं, रागावून नाही, थकून. “इंग्रजी येत नाही अशा माणसावर हे टाकायलाच नको होतं,” तो म्हणाला. “चूक माझीही आहे. पण मी याला ठेवू शकत नाही. त्याच्या कागदावर सहीही करू शकत नाही. सांग त्याला.”

नाना माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. परीक्षेच्या पुस्तकात एखादा अवघड शब्द आला की ते जसे थांबून बघत, तसे बघत होते. मग त्यांनी टोपी घातली आणि मी काही सांगायच्या आधीच बाहेर गेले.

या गोष्टीला अडतीस वर्षं झाली. मी हे कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सांगायला बसलो की लाजेनं माझा आवाज जातो. तीच गत नानांची इंग्रजी बोलताना व्हायची.

त्या संध्याकाळी खोलीवर नाना पिठलं ढवळत होते. माझ्याकडे पाठ होती.

“फरगॉट म्हनालास,” ते म्हणाले. “त्यो शबुद मला ठाव हाय.”

मी खुर्चीत बसलो. “नाना, माझं लायसन्स गेलं असतं तर आपण दोघंही गेलो असतो. मी राहिलो तर वर्षभरात तुम्हाला परत बोलावीन. दुसरीकडे लावून देईन. आईशपथ.”

“तू म्हाताऱ्याला सांगितलंच नव्हतंस?”

“नाही.”

“हां.” त्यांनी गॅस बारीक केला. “मला वाटलंच व्हतं.”

मला वाटलं, आता ते बोलतील. शिव्या देतील, थोबाडीत मारतील. फ्लाइंग क्लबात एकदा मी एक वॉशर विसरलो होतो तेव्हा मारली होती. मला तेव्हा ती थप्पड हवी होती. पण त्यांनी दोन ताटं घेतली, पिठलं वाढलं आणि जेवता जेवता एवढंच म्हणाले, “म्हातारा शुद्धीवर आलाय म्हनत्यात. परवा सकाळच्या बसनं मी निघनार. उद्या तू जाऊन भेटून ये त्याला.”

“मी? कशाला?”

“जाऊन ये. आपल्या कामानं पडलाय त्यो. भेटाया नगं?”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो. आयनारचा पाय वजन लावून टांगला होता आणि पलंग त्याला तोकडा पडत होता. मला बघून त्यानं मान दुसरीकडे वळवली. मला वाटलं, चिडलाय.

“बस,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “तुझा तो म्हातारा कसा आहे?”

“कोण, नाना?”

“मिशीवाला. त्याला तोंड दाखवायची लाज वाटते मला. तू आत गेला होतास ना वही लिहायला, तेव्हा त्यानं मला धरून मागं नेलं. दोरी घेतली, शेपटी खांबाला बांधली. मग प्रॉपेलरकडे बोट केलं, बर्फावरून हात असा सुळकन फिरवला आणि माझ्या छातीवर हात ठेवून ढकलून दाखवलं, की असा मरशील. एकदा नाही, तीनदा. एक शब्द बोलला नाही, पण लहान पोरालाही कळलं असतं.”

माझ्या हातात हॅट होती. ती मी गोल गोल फिरवत राहिलो.

“आणि मी काय केलं माहितीय? हसलो. पाठीवर थाप मारली त्याच्या. मनात म्हटलं, उन्हाच्या देशातला माणूस, याला बर्फातलं काय कळतंय.” आता त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचे निळे डोळे लाल झाले होते. “नर्स म्हणत होती, गॉर्डननं त्याला काढलं. खरं का ते? कुणी सांगितलं नाही म्हणून? अरे, त्यानं सांगितलं होतं! मला फोन आणून दे इकडं. मी गॉर्डनशी बोलतो.”

फोन बाहेर, नर्सच्या टेबलावर होता. लांब वायर होती, खोलीत येण्याएवढी. मी उठायचं, दारापर्यंत चार पावलं जायचं आणि तो आणायचा, एवढंच काम होतं. गॉर्डननं आयनारचं ऐकलं असतं. नाना राहिले असते, दोन महिन्यांनी सही झाली असती. आणि मग गॉर्डननं मला विचारलं असतं, की मग तो विसरला असं तू का सांगितलंस?

“नको,” मी म्हणालो. “तो गेला.”

“गेला?”

“कालच. त्याला तसंही परत जायचंच होतं. मुलीचं लग्न ठरलंय. गॉर्डननं काढलं वगैरे नुसती गावातली बोलणी आहेत. तो आनंदानं गेला.”

आयनारनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला वाटलं, त्याला कळलं. पण त्याला कळून घ्यायचंच नव्हतं. चाळीस वर्षं बर्फावर उडणारा माणूस, आपण हसण्यावारी नेलं हे सगळ्या गावाला सांगायची पाळी टळली, म्हणून तो हळूहळू सैल पडत गेला. मी ते समोर बघितलं. माझंही तसंच होत होतं.

“आनंदानं गेला म्हणतोस?”

“हो.”

“मग बरं झालं. पत्र लिहिशील तेव्हा माझा नमस्कार लिही. म्हणावं, आयनार माफी मागतो.”

“लिहितो,” मी म्हणालो.

खोलीवर आलो तेव्हा अजून उजेड होता. नाना भरलेल्या ट्रंकेशेजारी खाटेवर बसून होते. मी दार उघडताच ते उठून उभे राहिले. माझ्यासाठी ते कधी उठत नसत.

“भेटलास?”

“भेटलो.”

“कसा हाय?”

“बरा आहे. दीड महिना पाय टांगून ठेवणार आहेत.”

“बोलतोय न्हवं?”

“बोलतो थोडं थोडं.”

मी बूट काढायला खाली वाकलो. दोन्ही बुटांच्या नाड्या सोडून झाल्या तरी वर बघितलं नाही.

“माझं काय म्हनाला का त्यो?”

“नाही,” मी म्हणालो. “काही नाही म्हणाला.”

मग त्यांनी खुंटीवरचा आपला जाड कोट काढला. पहिल्या आठवड्यात गॉर्डनकडून पगार उचलून घेतलेला तो कोट.

“ह्यो तुला ऱ्हाऊ दे. गावाकडं काय करायचा मला? घालून बघ, बसतोय का.”

मी घातला. नाना पुढं आले, आणि मी नुसता उभा असताना त्यांनी त्याची चेन खालपासून गळ्यापर्यंत ओढून लावली.

“बसतोय की,” ते म्हणाले.